हास्केलमध्ये वेळेचा पूर्णांक करताना: मोटरच्या नोंदीवरून मिनिटं, स्लॉट आणि तारीख काढण्याची पद्धत

शेतीच्या फीडरला थ्री फेज लाइट कित्येकदा रात्रीच्या पाळीत येते. रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेत रात्री दहाला मोटर सुरू होते आणि पहाटे कधीतरी बंद होते. स्टार्टरला जोडलेली पेटी या दोन्ही वेळा सर्व्हरकडे पाठवते. मोटर किती मिनिटं चालली, ती कोणत्या तारखेच्या खात्यात धरायची आणि पंधरा-पंधरा मिनिटांचे किती स्लॉट झाले, ही उत्तरं प्रोग्रामनं द्यायची असतात आणि तिन्ही पूर्णांकात हवी असतात. नवा माणूस नेमका इथेच अडकतो. हास्केल ही फंक्शनल भाषा वेळेला साधा आकडा मानत नाही आणि वेळेचा आकडा आपोआप करूनही देत नाही.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे कॉलेजात पायथन किंवा जावा शिकून झालंय आणि आता फंक्शनल प्रोग्रामिंगला हात घालताय, अशांसाठी हे लिहिलं आहे. एक गोष्ट आधीच धरून चला. कंपायलर रूपांतर नाकारतो तेव्हा तो तुम्हाला तीन प्रश्न विचारत असतो: एकक कोणतं, शून्य कुठे मानायचं आणि उरलेल्या दशांशाचं काय करायचं. ही तीन उत्तरं ठरली की कोड एका ओळीचा असतो. ती न ठरवता काहीतरी जुळवून कंपायल करून घेतलं, तर चूक महिन्याच्या अहवालात बाहेर पडते.

नावांबद्दल एक सूचना. फंक्शन आणि टाइप यांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. हास्केलच्या कोडमध्ये ती रोमन लिपीत, सलग लिहायची. फंक्शनचं पहिलं अक्षर लहान, टाइपचं मोठं आणि पुढच्या प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं. पॉसिक्स (१९७० पासून सेकंद मोजण्याची पद्धत) आणि यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) यांची सगळी अक्षरं मोठी असतात, पण फंक्शनचं नाव यूटीसीनंच सुरू होत असेल तर ती तिन्ही लहान. बरेच एरर निव्वळ या लहान-मोठ्या अक्षरांमुळे येतात.

लागणारं सामान

- जीएचसी हा हास्केलचा कंपायलर. तो जीएचसीअपमधून बसवला की कबाल (प्रोजेक्ट बांधायचं साधन) आणि जीएचसीआय (एकेक ओळ लिहून लगेच उत्तर बघायची खिडकी) सोबतच मिळतात.
- टाइम नावाची लायब्ररी. ती जीएचसीबरोबर येते, तरी प्रोजेक्टच्या कबाल फाइलमध्ये बेस या मूळ लायब्ररीसोबत टाइमही लिहावी लागते. आवृत्ती १.९.१ किंवा पुढची असावी.
- डेटा.टाइम, डेटा.टाइम.क्लॉक.पॉसिक्स, डेटा.फिक्स्ड आणि डेटा.इंट हे चार मॉड्यूल. पॉसिक्सचं मॉड्यूल वेगळं इंपोर्ट करावं लागतं, नुसत्या डेटा.टाइममधून ते येत नाही.
- एक नमुना नोंद, जिची उत्तरं कागदावर आधीच काढून ठेवली आहेत.

आपली नमुना नोंद अशी: मोटर सुरू १४ फेब्रुवारी २०२४, रात्री १०:१०. बंद १५ फेब्रुवारी २०२४, पहाटे ४:४०. दोन्ही भारतीय वेळा. मोटर साडेसहा तास चालली, म्हणजे ३९० मिनिटं, म्हणजे २३४०० सेकंद. यूटीसीत सुरुवात १४ तारखेला १६:४० आणि शेवट १४ तारखेलाच २३:१०. १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत सुरुवात १७०७९२८८०० आणि शेवट १७०७९५२२००. हे आकडे पुढे सतत लागतील.

## १. हातातली वेळ कोणत्या टाइपची आहे ते बघा

जीएचसीआयमध्ये कोलन-टी देऊन टाइप विचारा. वेळेचे चार-पाच टाइप आहेत आणि प्रत्येकाचा रस्ता वेगळा.

यूटीसीटाइम म्हणजे दिवस आणि त्या दिवसातला वेळ अशी जोडी. हा आकडा नाही. त्यावर बेरीज-वजाबाकीची चिन्हं चालत नाहीत आणि फ्लोअरही चालत नाही. आधी यूटीसीटाइमटूपॉसिक्ससेकंड्स हे फंक्शन लावायचं, मग पुढचं.

नॉमिनलडिफटाइम म्हणजे कालावधी. पॉसिक्सटाइम हे त्याचंच दुसरं नाव आहे, फक्त तिथे कालावधी १९७० पासून मोजलेला असतो. आत सेकंदाचे बारा दशांश, म्हणजे पिकोसेकंदापर्यंतचा हिशोब असतो. बेरीज, गुणाकार, भागाकार, फ्लोअर, राउंड हे सगळं यावर चालतं.

डिफटाइम दिसायला तसाच, पण लीप सेकंद (घड्याळात अधूनमधून घालतात तो जादा सेकंद) धरून मोजलेला. तो दिवसाच्या आतल्या वेळेसाठी वापरला जातो. डिफटाइमटूपिकोसेकंड्स हे फंक्शन त्याचा थेट इंटिजर, म्हणजे पूर्णांक देतं.

लोकलटाइम आणि टाइमऑफडे म्हणजे भिंतीवरच्या घड्याळातली वेळ. कोणत्या गावचं घड्याळ, हे त्यांना माहीत नसतं. म्हणून टाइमझोन दिल्याशिवाय त्यांचा १९७० पासूनचा आकडा निघत नाही.

दोन यूटीसीटाइममधला फरक डिफयूटीसीटाइमनं काढतात. त्यात शेवट आधी लिहायचा आणि सुरुवात नंतर:

    कालावधी = डिफयूटीसीटाइम शेवट सुरुवात

उलट लिहिलं तरी कंपायल होतं, फक्त उत्तर उणे येतं. आपल्या नमुन्यात याचं उत्तर २३४०० आणि त्यापुढे चिकटून सेकंदाचं एक रोमन अक्षर असं छापून येतं. ते अक्षर पाहून काही जण कालावधीची स्ट्रिंग करतात, शेवटचं अक्षर कापतात आणि उरलेल्या मजकुराचा पुन्हा आकडा करतात. पूर्ण सेकंद असेपर्यंत हे चालतं. पेटीनं एकदा २३४००.२५ पाठवलं की पूर्णांक वाचणारा कोड तिथेच कोसळतो. हा मार्ग घेऊच नका.

## २. आत्ताची वेळ आयओमधून काढा

गेटपॉसिक्सटाइम हा आकडा नाही, घड्याळ वाचण्याची क्रिया आहे. अशा बाहेरच्या जगाशी बोलणाऱ्या क्रियांचा टाइप आयओ असतो. तिला थेट फ्लोअर लावलं तर कंपायलर आयओचा उल्लेख असलेला लांबलचक एरर देतो. बरोबर लिहायची पद्धत अशी:

    आत्ता <- गेटपॉसिक्सटाइम
    लेट सेकंद = फ्लोअर आत्ता :: इंट६४

किंवा एका ओळीत:

    फ्लोअर <$> गेटपॉसिक्सटाइम

घड्याळ वाचण्याचं काम प्रोग्रामच्या कडेला, मुख्य फंक्शनजवळ ठेवा. आतल्या हिशोबाच्या फंक्शनांना वेळ बाहेरून द्या. असं केलं की १४ फेब्रुवारीची रात्र कधीही पुन्हा चालवून बघता येते. घड्याळ आत दडलेलं असलं तर ते जमत नाही.

## ३. फ्रॉमइंटिग्रल का चालत नाही

पूर्णांकाचं रूपांतर म्हटलं की हात आपोआप फ्रॉमइंटिग्रलकडे जातो. कंपायलर सांगतो की नॉमिनलडिफटाइमसाठी इंटिग्रलचं इन्स्टन्स नाही, म्हणजे हा टाइप पूर्णांकांच्या गटात बसत नाही. त्याचं बरोबर आहे. फ्रॉमइंटिग्रल पूर्णांकाकडून दुसऱ्या आकड्याकडे जातं, आणि तुमच्या हातात दशांश असलेला कालावधी आहे. दशांशाकडून पूर्णांकाकडे यायला चार फंक्शनं आहेत: फ्लोअर, सीलिंग, ट्रंकेट, राउंड.

उलट्या दिशेला मात्र फ्रॉमइंटिग्रलच लागतं. मिनिटांचा पूर्णांक हातात आहे आणि त्याचा कालावधी करायचा आहे, तर फ्रॉमइंटिग्रल लावून ६० नं गुणा.

इथला सगळ्यात फसवा सापळा फ्रॉमइनम आहे. नाव बघून तो सेकंद देईल असं वाटतं, कंपायलही लगेच होतं. प्रत्यक्षात तो पिकोसेकंद देतो आणि तेही इंटमध्ये. ६४ बिटांच्या इंटमध्ये पिकोसेकंद मावतात ते सुमारे १०६ दिवसांचे. मोटरच्या साडेसहा तासांना उत्तर प्रचंड मोठं, पण निदान बरोबर येतं. १९७० पासूनच्या वेळेला लावलं की आकडा उलटून पूर्ण निरर्थक होतो, आणि एरर काहीच येत नाही. याच कारणानं शून्यापासून दहा सेकंदांपर्यंतची यादी दोन टिंबांनी लिहिली, तर ती एकेका पिकोसेकंदानं पुढे सरकते आणि प्रोग्राम लटकतो. कालावधीची यादी हवी असेल तर पूर्णांकांची यादी करा आणि मग प्रत्येकाचं रूपांतर करा.

## ४. आधी एकक, मग पूर्णांक

मिलिसेकंद हवे असतील तर गुणाकार आधी आणि फ्लोअर नंतर:

    फ्लोअर (आत्ता * १०००) :: इंट६४

क्रम उलटला, म्हणजे आधी फ्लोअर आणि मग हजारनं गुणलं, तर मिलिसेकंदांच्या जागी कायम तीन शून्यं येतात. उत्तर तेरा अंकी असतं, त्यामुळे बघणाऱ्याला शंका येत नाही. नोंदींच्या शेवटी सतत तीन शून्यं दिसली तर हेच तपासा.

मिनिटांसाठी ६० नं भागायचं. इथे आणखी एक गंमत आहे: नॉमिनलडिफटाइमला नॉमिनलडिफटाइमनं भागलं तरी टाइप तोच राहतो. २३४०० ला ९०० नं भागलं की जीएचसीआय २६ सेकंद असं छापतं. ते सेकंद नाहीत, २६ स्लॉट आहेत. टाइप इथे तुमची मदत करत नाही. म्हणून डेटा.फिक्स्डमधलं डिव्ह हे फंक्शन वापरा, ज्याच्या नावाच्या शेवटी एक अवतरणचिन्ह असतं:

    कालावधी `डिव्ह'` ९०० :: इंट

हे भागून थेट पूर्णांक देतं: २६. मिनिटांसाठी ६० नं भागा, ३९० येतील. बाकी हवी असेल तर तसंच अवतरणचिन्हवालं मॉड आहे.

मधल्या पायरीत डबल आणू नका. रिअलटूफ्रॅकनं डबल करून मग राउंड करण्याचा सल्ला बऱ्याच ठिकाणी दिसतो. डबलमध्ये ५३ बिटांची अचूकता असते. त्यातले ३१ बिट आजच्या सेकंदांच्या आकड्यातच जातात. उरलेल्यात सेकंदाचा साधारण ०.२४ मायक्रोसेकंदापर्यंतचाच भाग बसतो. मिलिसेकंदांना हे पुरतं, नॅनोसेकंद मात्र हरवतात. नॉमिनलडिफटाइम स्वतः नेमका हिशोब ठेवतो, तर तो सोडायचा कशाला?

## ५. दशांश कुठे जाणार ते ठरवा

चारही फंक्शनं पूर्णांकच देतात, आणि दशांश नसलेल्या नोंदींवर उत्तरंही सारखी येतात. फरक दशांश असलेल्या नोंदींवर पडतो.

फ्लोअर नेहमी खाली जातं. १९७० पासूनच्या वेळेला हेच वापरा. एखादा क्षण कोणत्या सेकंदाच्या आत पडतो, हा त्याचा अर्थ आहे आणि तो १९७० च्या आधीच्या वेळांनाही लागू राहतो.

ट्रंकेट शून्याकडे जातं. अधिक आकड्यांवर ते फ्लोअरसारखंच. उणे ०.४ ला फ्लोअर -१ देतं आणि ट्रंकेट ०. परिणाम असा की ट्रंकेटच्या हिशोबात शून्यावरचा स्लॉट दुप्पट रुंद होतो: उणे एकपासून अधिक एकपर्यंतचं सगळं त्यातच पडतं. पेटीच्या घड्याळाची बॅटरी गेली की ते बऱ्याचदा १ जानेवारी १९७० वर येऊन बसतं. त्या वेळेतून काही वजा केलं की उणे आकडे हातात येतात. म्हणजे ही अडचण फक्त पुस्तकातली नाही.

राउंड जवळच्या पूर्णांकाकडे जातं, पण बरोबर अर्धा आला तर सम आकड्याकडे. २.५ चे २ होतात आणि ३.५ चे ४. शाळेत शिकलेल्या नियमानं २.५ चे ३ व्हायला हवेत, म्हणून ही लायब्ररीची चूक वाटते. ती चूक नाही. अर्धे कायम वर ढकलले तर मोठ्या बेरजेत आकडा एका बाजूला सरकत जातो, म्हणून हा नियम ठेवला आहे. वापरकर्त्याला शाळेचाच नियम हवा असेल तर अर्धा मिळवून फ्लोअर करा.

सीलिंग वर जातं. सुरू झालेला प्रत्येक स्लॉट पूर्ण धरायचा असेल तेव्हा हे.

कोणतं फंक्शन घ्यायचं याइतकंच ते कधी लावायचं हे महत्त्वाचं आहे. लाइट ये-जा करते, मोटर रात्रीतून दहा वेळा सुरू होऊन दर वेळी १२.६ सेकंद चालली असं समजा. प्रत्येक तुकड्याला फ्लोअर लावून बेरीज केली तर १२०. आधी बेरीज करून मग फ्लोअर लावलं तर १२६. एका रात्रीत सहा सेकंद, आणि तेही कायम कमीच्या बाजूला. पाण्याचा किंवा विजेचा हिशोब यावर असेल तर कालावधी शेवटपर्यंत नॉमिनलडिफटाइममध्येच ठेवा आणि पूर्णांक अगदी शेवटी करा.

## ६. इंट, इंट६४ की इंटिजर

फ्लोअरच्या उत्तराचा टाइप लिहिला नाही तर जीएचसीआय इंटिजर धरतं. प्रोग्राममध्ये टाइप स्वतः लिहा. इंटिजरला मर्यादा नाही, त्यामुळे पिकोसेकंदांसाठी तोच योग्य. सेकंद, मिलि, मायक्रो आणि नॅनोसेकंदांसाठी इंट६४ घ्या. नॅनोसेकंदसुद्धा त्यात २२६२ सालापर्यंत मावतात. नुसत्या इंटची रुंदी मशीनवर अवलंबून असते. आजच्या सर्व्हरवर ती ६४ बिट असते, पण शेतातल्या छोट्या ३२ बिटांच्या बोर्डावर तोच कोड चालवला तर ३२.

३२ बिटांत सेकंद २१४७४८३६४७ पर्यंत मावतात. भारतीय वेळेनं तो क्षण १९ जानेवारी २०३८, सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. मिलिसेकंद तर आजच मावत नाहीत. आपल्या नमुन्याचे १७०७९२८८००००० मिलिसेकंद फ्रॉमइंटिग्रलनं इंट३२ मध्ये घातले, तर उत्तर -१४६८१८३८०८ येतं. कंपायलर गप्प, प्रोग्राम चालू. वेळेच्या आकड्यात अचानक उणे चिन्ह दिसलं तर आधी कुठे ३२ बिट शिरलेत ते शोधा.

## ७. तारीख आणि तास: साडेपाच तासांचा फरक

सर्वाधिक चुका इथे होतात, म्हणून जरा सावकाश वाचा.

सेकंदांना ८६४०० नं भागलं की दिवसाचा क्रमांक मिळतो, हे खरं आहे. पण तो दिवस यूटीसीचा. भारतीय वेळ त्याच्या १९८०० सेकंद पुढे आहे. त्यामुळे रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळेतली प्रत्येक नोंद आदल्या तारखेवर जाते. दुकानाच्या बिलांना याचा त्रास सहसा होत नाही, कारण त्या वेळेत दुकान बंद असतं. शेतीची मोटर मात्र त्याच वेळेत चालते.

आपल्या नमुन्यात मोटर बंद झाली ती वेळ १७०७९५२२००. थेट भागलं तर १९७६७, म्हणजे १४ फेब्रुवारी. आधी १९८०० मिळवून भागलं तर १९७६८, म्हणजे १५ फेब्रुवारी. दुसरं बरोबर.

    दिवस = (सेकंद + १९८००) `डिव्ह` ८६४००

हे डिव्ह साधं, पूर्णांकांचं, अवतरणचिन्ह नसलेलं. याच्या जागी क्वॉट लिहू नका. क्वॉट शून्याकडे जातं आणि उणे आकड्यांवर ट्रंकेटसारखंच फसवतं.

लायब्ररीतूनच करायचं असेल तर मिनिट्सटूटाइमझोनला ३३० द्या, त्या झोननं यूटीसीटूलोकलटाइम लावा, लोकलडे काढा आणि टूमॉडिफाइडज्युलियनडे लावा. उत्तर ६०३५५ येतं. १९७६८ आणि ६०३५५ मध्ये ४०५८७ चा फरक आहे, कारण हा दुसरा क्रमांक १७ नोव्हेंबर १८५८ पासून मोजतात. शून्य बदललं की आकडा बदलतो. दोन टेबलांत दोन वेगवेगळी शून्यं ठेवली तर तारखा जुळत नाहीत, म्हणून एकच पद्धत ठरवा.

गेटकरंटटाइमझोन टाळा. तो प्रोग्राम चालतोय त्या मशीनचा झोन देतो. जळगावातल्या लॅपटॉपवर ३३० येतात आणि सगळं बरोबर दिसतं. भाड्याच्या सर्व्हरचं घड्याळ बहुधा यूटीसीवर असतं, तिथे ० येतो. भारतात उन्हाळी वेळेचा प्रकार नाही, त्यामुळे आजच्या नोंदींसाठी ३३० थेट लिहिणं सुरक्षित आहे.

मजकुरातून वेळ वाचतानाही हेच. पेटी १०:१० असा मजकूर झोनशिवाय पाठवत असेल आणि तुम्ही पार्सटाइमएमला थेट यूटीसीटाइम मागितला, तर ती वेळ यूटीसीची समजली जाते. मग सगळ्या नोंदी साडेपाच तासांनी चुकतात. लोकलटाइम मागा आणि मग लोकलटाइमटूयूटीसी लावताना झोन द्या.

आता तासांचे गठ्ठे. सेकंदांना ३६०० नं भागून तासवार अहवाल करायचा मोह होतो. १९८०० ला ३६०० नं भागलं तर साडेपाच येतात, पूर्ण आकडा येत नाही. त्यामुळे असे गठ्ठे आपल्या घड्याळात साडेनऊ ते साडेदहा असे पडतात. रात्री १०:१० ची सुरुवात साडेनऊच्या गठ्ठ्यात जाते आणि शेतकऱ्याला अहवाल चुकीचा वाटतो. इथेही आधी १९८०० मिळवा. पंधरा मिनिटांच्या स्लॉटला ही अडचण नाही, कारण १९८०० मध्ये ९०० बरोबर २२ वेळा जातात. विजेच्या ग्रिडचं वेळापत्रकही देशात पंधरा-पंधरा मिनिटांच्या, दिवसाला ९६ अशा गटांत चालतं. तेव्हा मोटरच्या नोंदींसाठी हाच स्लॉट सोयीचा.

## ८. मध्यरात्र ओलांडणारी मोटर

हातात फक्त १०:१० आणि ४:४० असे दोन टाइमऑफडे असतील आणि त्यांची वजाबाकी केली, तर १६८०० वजा ७९८००, म्हणजे -६३०००. त्यात ८६४०० मिळवून २३४०० करता येतात, पण मोटर चोवीस तासांपेक्षा कमी चालली असेल तरच. पेटी दोन दिवस बंद राहून नंतर नोंद आली तर हा उपाय चुपचाप खोटं उत्तर देतो. म्हणून तारखेसह पूर्ण वेळ साठवा.

एका रात्रीची मिनिटं दोन तारखांत वाटायची असतील तर मध्यरात्रीचा आकडा काढा. दिवसाचा क्रमांक गुणिले ८६४००, वजा १९८००. दिवस १९७६८ साठी तो १७०७९३५४०० येतो. त्यातून सुरुवात वजा केली की ६६०० सेकंद, म्हणजे १४ तारखेची ११० मिनिटं. शेवटातून तो वजा केला की १६८०० सेकंद, म्हणजे १५ तारखेची २८० मिनिटं. बेरीज ३९०. ही बेरीज प्रत्येक नोंदीला जुळलीच पाहिजे. जुळत नसेल तर पूर्णांक मधेच कुठेतरी केला गेलाय.

## ९. प्रोग्रामचा वेग मोजायला वेगळं घड्याळ

एखादं फंक्शन किती मायक्रोसेकंद घेतं हे मोजायला गेटपॉसिक्सटाइम वापरू नका. सर्व्हरचं घड्याळ नेटवर्कवरून दुरुस्त होत असतं. दुरुस्ती मोजणीच्या मधोमध झाली तर कालावधी उणेही येऊ शकतो. जीएचसी.क्लॉक मॉड्यूलमधलं गेटमोनोटॉनिकटाइमएनसेक थेट नॅनोसेकंदांचा पूर्णांक देतं. तो आकडा मागे जात नाही आणि त्याचा तारखेशी संबंध नसतो. त्याचा टाइप वर्ड६४ आहे, ज्यात उणे आकडे नाहीत. वजाबाकीत क्रम चुकला तर वीस अंकी आकडा येतो.

## १०. साठवताना आणि पाठवताना

एपॉकचे, म्हणजे १९७० पासूनचे सेकंद, मिलिसेकंद आणि मिनिटं हे तिन्ही नुसते इंट६४ असतील तर कंपायलर त्यांची बेरीज होऊ देईल. प्रत्येक एककाला न्यूटाइपनं (जुन्या टाइपला नवी ओळख देणारा हास्केलचा शब्द) वेगळा टाइप द्या. चालताना त्याची किंमत जवळपास शून्य आहे आणि चुकीची बेरीज कंपायलच होत नाही.

आकडा कोणत्या एककात आहे हे अंक मोजून कळतं. आजच्या काळात सेकंद दहा अंकी, मिलि तेरा, मायक्रो सोळा, नॅनो एकोणीस. दुसऱ्याच्या एपीआयमधून आलेला आकडा वापरण्याआधी एवढं तरी बघा.

पोस्टग्रेस हा डेटाबेस वेळ मायक्रोसेकंदापर्यंत साठवतो, हास्केलमधला टाइप त्याहून बारीक आहे. साठवलेली वेळ परत आणून मूळ वेळेशी बरोबरीची तुलना केली तर ती खोटी निघू शकते. साठवण्याआधीच दोन्हीकडे मायक्रोसेकंदाला फ्लोअर करा. पूर्णांक ठेवत असाल तर कॉलम बिगइंट हवा. ब्राउझरकडे जेसनमधून पाठवताना नॅनोसेकंद आकडा म्हणून पाठवू नका. जावास्क्रिप्ट ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढचे पूर्णांक नेमके धरत नाही. मिलिसेकंद आणि मायक्रोसेकंद त्यात मावतात.

## ११. दुसऱ्या फंक्शनल भाषांत

प्रश्न तेच तीन, फक्त सापळ्यांची जागा बदलते.

ओकॅमलमध्ये युनिक्स मॉड्यूलचं गेटटाइमऑफडे थेट फ्लोट देतं आणि इंटऑफफ्लोट शून्याकडे कापतं. १९७० च्या आधीच्या वेळांसाठी आधी फ्लोअर लावा. ६४ बिटांच्या मशीनवर तिथला इंट ६३ बिटांचा असतो.

एलिक्सिरमध्ये डेटटाइमच्या टूयुनिक्सला एकक सांगता येतं आणि पूर्णांकच मिळतो, त्यामुळे गोंधळ कमी. एकक बदलायला सिस्टिममधलं कन्व्हर्टटाइमयुनिट आहे, ते फ्लोअर करतं.

एफशार्पमध्ये टाइमस्पॅनला मिनिट्स आणि टोटलमिनिट्स असे दोन गुणधर्म आहेत. आपल्या साडेसहा तासांना मिनिट्स ३० देतं, टोटलमिनिट्स ३९०. पहिलं फक्त घड्याळातला मिनिटांचा भाग आहे. शिवाय टिक म्हणजे १०० नॅनोसेकंद, आणि डेटटाइमचे टिक इसवी सन १ च्या १ जानेवारीपासून मोजतात, १९७० पासून नाही.

## १२. कोड चालू करण्याआधी हे तपासा

- १७०७९२८८०० आणि १७०७९५२२०० ही जोडी: ३९० मिनिटं, २६ स्लॉट, दिवस १९७६७ आणि १९७६८.
- त्याच रात्रीची वाटणी: ११० आणि २८०.
- भारतीय वेळेनं रात्री १२:००, पहाटे ५:२९:५९ आणि ५:३०, एकाच तारखेच्या. तिन्हींचा दिवस एकच यायला हवा.
- २.५ सेकंद. राउंड वापरत असाल तर उत्तर २ येणार. ते तुम्हाला चालतंय का, हे नोंद वाचणाऱ्या माणसाला विचारून ठरवा.
- १९७० च्या अर्धा मिलिसेकंद आधीची वेळ, मिलिसेकंदांत. फ्लोअरनं -१ यायला हवा. ० आला तर कुठेतरी ट्रंकेट किंवा क्वॉट राहिलाय.
- २१४७४८३६४८ सेकंद. हा आकडा डेटाबेसमध्ये जाऊन तसाच परत आला पाहिजे.
- सर्व्हरचा झोन यूटीसी करून वरच्या सगळ्या चाचण्या पुन्हा चालवा. एकही उत्तर बदललं, तर कोडमध्ये गेटकरंटटाइमझोन शोधा.